धार ठेवा, चिखल टाळा: सभ्य प्रचारमोहीम उभारण्याची पद्धत

निवडणूक जाहीर झाली की प्रत्येक पक्षाचा पहिला वक्ता सांगतो, "आम्ही मुद्द्यांवर लढणार." दुसरा आठवडा उजाडेपर्यंत भाषणं समोरच्याच्या बायकामुलांपर्यंत पोचलेली असतात. बहुतेकदा हे कोणी कट करून करत नाही. एखाद्या सभेत शेवटच्या वक्त्याला टाळ्या मिळेनात, म्हणून तो विरोधकाच्या चालण्याबोलण्याची नक्कल करतो. मैदान हसतं. ती क्लिप रात्रीत फिरते. दुसऱ्या दिवशी खुद्द उमेदवाराच्या भाषणात तीच नक्कल येते, तिसऱ्या दिवशी समोरून उत्तर येतं, आणि रस्ते, शाळा, दवाखाने हे विषय मोहिमेतून कधी गळून पडले ते कुणाला कळतही नाही.

म्हणूनच सभ्य प्रचार उमेदवाराच्या स्वभावावर सोडून भागत नाही. उमेदवार कितीही सज्जन असला तरी त्याच्या नावाने बोलणारी शंभर तोंडं असतात. सभेच्या परवानग्या आणि खर्चाचा हिशोब जसा आधी बसून ठरवतो, तशीच भाषेची व्यवस्थाही आधीच लावावी लागते. पुढचं सगळं उमेदवार, प्रचारप्रमुख, सोशल मीडिया सांभाळणारी मंडळी आणि दारोदार फिरणारे कार्यकर्ते यांच्यासाठी आहे.

आधी कार्यकर्त्यांची शंका फेडा

पहिल्या बैठकीत कुणीतरी विचारणारच: "साहेब, ते शिव्या घालणार आणि आपण आरती ओवाळायची का?" हा प्रश्न टाळू नका. सभ्य म्हणजे मिळमिळीत, हा समज मोडल्याशिवाय पुढचा एकही नियम पाळला जाणार नाही.

सत्तेत असलेल्याला त्याच्या कामाचा जाब विचारणं हे विरोधकाचं कामच आहे. तो जाब कठोर असावा, टोचणारा असावा. भारताच्या निवडणूक आयोगाची आदर्श आचारसंहिताही टीकेला बंदी करत नाही. इतर पक्षांवरची टीका त्यांची धोरणं, कार्यक्रम, मागची कामगिरी आणि काम यांपुरती असावी, सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या खासगी आयुष्याला हात लावू नये आणि खातरजमा न झालेले आरोप टाळावेत, एवढंच ती सांगते. या संहितेची सुरुवात 1960 च्या केरळ विधानसभा निवडणुकीत झाली. ती पाळली किती जाते हा वेगळा विषय. पण रेघ योग्य जागी ओढलेली आहे.

दुसरी शंका फायद्याची. चिखलफेकीने मतं मिळतात, हे राजकारणात जवळजवळ गृहीत धरलं जातं. अमेरिकेतल्या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी 2007 साली नकारात्मक प्रचारावरच्या 111 अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले. असा प्रचार लोकांच्या लक्षात राहतो, पण त्याने मतं हमखास वाढतात याला आधार सापडला नाही. ज्याच्यावर हल्ला होतो त्याच्याइतकीच, कधी त्याहून जास्त, नाराजी हल्ला करणाऱ्याच्या वाट्याला येते. वर सरकारवरचा आणि स्वतःच्या मताच्या वजनावरचा लोकांचा विश्वासही थोडा घसरतो.

कॅनडातलं 1993 चं उदाहरण कार्यकर्त्यांना जरूर सांगा. सत्ताधारी प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने विरोधी नेते ज्याँ क्रेतियाँ यांच्या चेहऱ्याची जवळून घेतलेली छायाचित्रं जाहिरातीत दाखवली आणि हा पंतप्रधान शोभेल का, अशा थाटाचा सवाल टाकला. क्रेतियाँ यांच्या चेहऱ्याची एक बाजू लहानपणापासून अधू होती. देशभर संताप उसळला, पंतप्रधान किम कॅम्पबेल यांना जाहिरात मागे घ्यावी लागली. निकालात त्यांच्या पक्षाला 295 पैकी 2 जागा मिळाल्या. एवढी दाणादाण एका जाहिरातीने उडाली नव्हती, पक्ष आधीच खोलात होता. पण बुडत्या पक्षाने स्वतःच्या हाताने घेतलेलं ते शेवटचं वजन होतं.

तरीही चिखलफेक कधीच चालत नाही, असं कार्यकर्त्यांना सांगू नका. ते खरं नाही आणि त्यांनाही ते ठाऊक असतं. 1988 साली अमेरिकेत जॉर्ज बुश थोरले जिंकले, आणि त्यांचे प्रचारप्रमुख ली ॲटवॉटर यांनी प्रतिस्पर्धी उमेदवार मायकेल डुकाकिस यांच्यावर केलेले हल्ले त्या विजयाचा भाग होते. पुढे मेंदूच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळल्यावर, 1991 मध्ये, ॲटवॉटर यांनी त्या मोहिमेतल्या क्रौर्याबद्दल डुकाकिस यांची जाहीर माफी मागितली. तोवर ती पद्धत पुढच्या पिढीने उचलली होती. तेव्हा बैठकीत सरळ सांगावं: चिखल कधी चालतो, कधी उलटतो, आणि तो उलटेल की चालेल हे आधी कळण्याची सोय नाही. निवडून आल्यावर मात्र त्याच सभागृहात, त्याच माणसांसोबत पाच वर्षं काढायची असतात.

पहिलं काम: एक पानी मर्यादापत्र

लांबलचक आचारसंहिता कुणी वाचत नाही. एकच पान काढा, उमेदवाराची सही घ्या, प्रत्येक वक्त्याला आणि ग्रुप चालवणाऱ्याला द्या. त्यात दोन याद्या असाव्यात.

ज्यावर बोलायचं: सभागृहातली उपस्थिती, दिलेली मतं, मंजूर झालेला आणि खर्च झालेला निधी, जुनी आश्वासनं, जाहीर विधानं, शपथपत्रात स्वतःच जाहीर केलेली मालमत्ता आणि खटले, पक्षांतराचा इतिहास.

ज्याला हात लावायचा नाही: शरीर, आजारपण, रंग, उच्चार, शिक्षणाची टिंगल, जात, धर्म, जन्म, लग्न झालं का, मोडलं का, मूल आहे की नाही, वैधव्य, म्हाताऱ्या आईवडिलांचं नाव, मुलांची खासगी छायाचित्रं.

खरी पंचाईत मधल्या पट्ट्यात होते. उमेदवाराच्या मेहुण्याला सरकारी ठेका मिळाला असेल तर ते "घरचं" म्हणून सोडायचं का? अजिबात नाही. उमेदवाराचा आजार? त्याने पद सांभाळता येणार नाही असं दाखवणारं काही ठोस असेल तर सौम्य शब्दांत प्रश्न विचारता येतो. नुसत्या थरथरत्या हाताची क्लिप फिरवणं ही हलकटपणाची हद्द झाली. माझी कसोटी अशी: ही गोष्ट खरी असेल, तर त्या पदावरच्या कामात काही फरक पडतो का? पडत असेल तर बोला, कागद दाखवून बोला. पडत नसेल तर ती गोष्ट कितीही चविष्ट असो, सोडून द्या.

पानाच्या तळाशी तीन नावं लिहा: आक्षेपार्ह वाटणारा मजकूर कुणाला दाखवायचा, अंतिम होकार कुणाचा, आणि नियम मोडला तर कारवाई कोण करणार. हे तिसरं नाव बहुतेक मोहिमांत लिहिलेलंच नसतं, आणि मग मर्यादापत्र भिंतीवर लटकत राहतं.

दुसरं काम: प्रत्येक आरोपामागे कागद

शब्द सौम्य पण मजकूर खोटा, हा असभ्यतेचाच साळसूद अवतार. आणि इथे कायदाही अंगाशी येतो. भारतात लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 123(4) नुसार उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल किंवा वर्तनाबद्दल खोटं आहे हे माहीत असताना, किंवा खरं आहे असा विश्वास नसताना, त्याला निवडणुकीत नुकसान होईल असं विधान प्रसिद्ध करणं हा भ्रष्ट आचार ठरतो आणि त्यावरून निवड रद्द होऊ शकते. कलम 127-अ प्रमाणे पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता लागतो. निनावी पत्रक म्हणजे पहिल्याच ओळीत केलेला कायदेभंग.

ब्रिटनमध्ये असंच कलम आहे, आणि ते नुसतं पुस्तकात नाही. 2010 च्या सार्वत्रिक निवडणुकीत मजूर पक्षाचे फिल वुलस अवघ्या 103 मतांनी जिंकले. प्रतिस्पर्ध्याला अतिरेक्यांची मतं हवी आहेत, असं सुचवणारा मजकूर त्यांच्या प्रचारपत्रकांत होता. निवडणूक न्यायालयाने त्याच वर्षी त्यांची निवड रद्द केली आणि तीन वर्षं निवडणूक लढवण्यावर बंदी घातली. मंत्रिपदापर्यंत पोचलेला माणूस पत्रकातल्या मजकुराने घरी बसला.

व्यवहारात काय करायचं: एक फाइल उघडा, कागदी असो वा संगणकावरची. भाषणात किंवा पोस्टमध्ये येणारा प्रत्येक आकडा, तारीख, आरोप यांच्यासमोर मूळ कागद लावा. बातमीचं कात्रण हा आधार पुरेसा मानू नका. बातमी ज्या अहवालावर, उत्तरावर, आदेशावर उभी आहे तो मिळवा. विरोधकाच्या भाषणाचा तुकडा वापरायचा असेल तर आधीची आणि नंतरची दोन-दोन मिनिटं ऐका. "मी असं म्हणणार नाही की..." यातला पहिला भाग कापला की माणूस काहीही म्हणालेला दाखवता येतो. आणि तपासणारा माणूस मजकूर लिहिणाऱ्याहून वेगळा हवा. स्वतःचं लिहिलेलं स्वतःला नेहमी खरंच वाटतं.

तिसरं काम: भाषण धुऊन काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. एका कल्पित भाषणातला उतारा घेऊ:

"हे महाशय पाच वर्षं झोपले होते. यांना ना लाज, ना अक्कल. घराणं बघा म्हणजे कळेल. पाणीयोजनेचे पैसे यांनीच खाल्ले, आणि तरी यांना मत देणारे लोक आहेत म्हणजे कमाल आहे!"

वाक्यागणिक बघा. "झोपले होते" हा टोमणा आहे. राजकारणात एवढं चालतं, ठेवायचं तर ठेवा. "ना लाज, ना अक्कल" ही शिवी, त्यातून मतदाराला नवीन काहीच कळलं नाही. "घराणं बघा" हे तर मर्यादापत्राबाहेर गेलंच. "पैसे यांनीच खाल्ले" हा गुन्ह्याचा आरोप; कागद नसेल तर न्यायालयात तुम्हीच उभे राहाल. आणि शेवटचं वाक्य सगळ्यांत महाग, कारण त्यात शिवी मतदाराला आहे.

आता हेच असं म्हणून बघा:

"पाणीयोजना दोन वर्षांत पूर्ण करू, असं यांनी मागच्या वेळी छापून दिलं होतं. ते पत्रक माझ्या हातात आहे. पाच वर्षं झाली. टाकी उभी आहे, नळ कोरडे आहेत. मंजूर झालेल्या निधीचा हिशोब कुठे आहे? त्यांनी इथे येऊन सांगावा, मी माझ्या सभेतली दहा मिनिटं त्यांना देतो."

यात एकही अपशब्द नाही, आणि उत्तर द्यायला हा उतारा पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. "लाज नाही" याला "तुम्हाला आहे का?" एवढं उत्तर पुरतं आणि विषय तिथेच संपतो. हिशोब मागितला की हिशोबच द्यावा लागतो. नाही दिला तर गप्प बसणंही दिसून येतं. चिडलेला विरोधक तुम्हाला शिव्या घालेल तेव्हा तर फार बरं: पुढच्या सभेत तुम्ही फक्त तोच प्रश्न पुन्हा विचारायचा.

भाषण तपासताना मी विशेषणं लाल शाईने आणि क्रियापदं निळ्या शाईने अधोरेखित करायला सांगेन. पान लाल झालं असेल तर भाषणात मजकूर नाही, राग आहे. "गद्दार", "देशद्रोही", "शत्रू" हे शब्द तर सरळ काढून टाका. विरोधक हा शत्रू ठरला की त्याला मत देणारा शेजारीही शत्रू ठरतो.

मतदाराला बोल लावण्याची किंमत मोठी माणसं मोजून गेली आहेत. सप्टेंबर 2016 मध्ये हिलरी क्लिंटन यांनी ट्रम्प यांच्या निम्म्या समर्थकांना हीन ठरवणारा शब्द वापरला. दुसऱ्याच दिवशी "निम्मे" म्हटल्याबद्दल त्यांनी खेद व्यक्त केला, पण तोवर ट्रम्प समर्थकांनी तो शब्द बिल्ल्यासारखा छातीवर लावला. ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांनी एप्रिल 2010 मध्ये एका मतदार बाईंशी गोड बोलून गाडीत बसल्यावर त्यांना दुराग्रही म्हटलं; कोटाला लावलेला माइक चालूच होता. माइक बंद आहे असं कधीही धरून चालू नका, आणि गाडीतही तेच बोला जे बाहेर बोलता.

विनोदाला मात्र बंदी नको. विनोद नसलेला प्रचार ऐकवत नाही. अट एवढीच की टिंगल कामाची करावी, माणसाच्या अंगाची नाही. वर सांगितलेल्या प्रकरणात क्रेतियाँ यांचं उत्तर या बाबतीत वस्तुपाठ आहे: मी तोंडाच्या एकाच बाजूने बोलतो हे खरं, पण त्या पक्षासारखं दोन्ही बाजूंनी बोलत नाही, अशा अर्थाचं ते बोलले. स्वतःच्या व्यंगावर हसले आणि टोला समोरच्याच्या दुटप्पीपणाला मारला.

चौथं काम: आपलाच माणूस घसरला तर

उमेदवाराची खरी परीक्षा विरोधकासमोर होत नाही, आपल्या गर्दीसमोर होते. ऑक्टोबर 2008 मध्ये मिनेसोटातल्या लेकव्हिल इथे, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी ओबामांविरुद्ध लढणारे जॉन मॅकेन यांच्या सभेत एक समर्थक म्हणाले, ओबामा राष्ट्राध्यक्ष होण्याची भीती वाटते. मॅकेन म्हणाले, ते सभ्य गृहस्थ आहेत, त्यांना घाबरायचं कारण नाही. त्यांच्याच लोकांनी हुर्यो उडवली. मग एक बाई ओबामा "अरब" आहेत असं म्हणाल्या. मॅकेन यांनी त्यांच्या हातातला माइक परत घेतला आणि सांगितलं की नाही, ते कुटुंबवत्सल, सभ्य नागरिक आहेत, माझे त्यांच्याशी मूलभूत प्रश्नांवर मतभेद आहेत आणि ही निवडणूक त्याचसाठी आहे.

या प्रसंगाचं कौतुक फार झालं, ते योग्यच. पण त्या उत्तरात एक फट राहिली, तीही बघा. "अरब" या शब्दाला "नाही, सभ्य माणूस" असं उत्तर दिलं की अरब माणूस सभ्य नसतो असा सूर निघतो. घाईत असं होतं. म्हणूनच ही उत्तरं आधी तालमीत म्हणून घ्यावीत.

उमेदवाराला तीन पायऱ्या पाठ हव्यात. बोलणाऱ्याला थांबवा, पण त्याचा पाणउतारा करू नका: "दादा, तुमचा राग समजतो, पण हे माझ्या सभेत नको." मग चूक दुरुस्त करा, एका वाक्यात: "त्यांची जात हा आपला विषय नाही, कुणाचीही नाही." आणि लगेच मुद्द्यावर या: "आपला प्रश्न शाळेतल्या रिकाम्या शिक्षकपदांचा आहे." एवढ्याला अर्धं मिनिट पुरतं. फक्त हसून वेळ मारून नेलीत तर क्लिपमध्ये ते हसूच दिसतं, आणि हसू म्हणजे संमती.

व्यासपीठावरचा पाहुणा वक्ता घसरला तर अडचण मोठी, कारण तो बहुधा पदाने वरचा असतो. त्याच्यानंतर उमेदवाराचं भाषण ठेवा, म्हणजे दुरुस्तीची जागा हातात राहते. त्याच रात्री लेखी खुलासा काढा: अमुक विधान मोहिमेला मान्य नाही. "त्यांच्या बोलण्याचा विपर्यास केला" ही पळवाट वापरू नका, ती आता शाळकरी मुलालाही ओळखू येते.

पाचवं काम: ग्रुप, मीम आणि बनावट आवाज

व्यासपीठावर सौजन्य आणि व्हॉट्सॲपवर गटार, ही आजची नेहमीची विभागणी. उमेदवार हात झटकतो: "ते आमचं अधिकृत खातं नाही." लोक विश्वास ठेवत नाहीत, आणि ठेवूही नये.

प्रत्येक ग्रुपला दोन ॲडमिन असावेत आणि ग्रुपच्या माहितीत मोहिमेचा हा मजकूर कायम दिसावा: "इथे विरोधकांच्या घरच्यांवर, जातीधर्मावर, दिसण्यावर काही टाकू नका. स्रोत माहीत नसलेलं पुढे पाठवू नका. असा मजकूर काढला जाईल, दुसऱ्यांदा टाकल्यास ग्रुपमधून काढलं जाईल." आणि खरोखर काढा. पहिल्या आठवड्यात एखाद्या उत्साही, कामाच्या माणसाला काढलंत तर बाकीचे आपोआप सरळ होतात. मीम पाठवण्याआधी एकच प्रश्न: यावर उमेदवाराचं नाव छापून चौकात लावायची तयारी आहे का?

बनावट चित्रफीत आणि आवाजाचा धोका आता प्रत्यक्षातला आहे. जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मतदारांना तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडेन यांच्या नकली आवाजात फोन गेले, प्राथमिक निवडणुकीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) मत देऊ नका असं सांगणारे. त्यामागच्या सल्लागाराला पुढे 60 लाख डॉलरचा दंड झाला. भारतात निवडणूक आयोगाने मे 2024 मध्ये पक्षांना सांगितलं की असा बनावट मजकूर निदर्शनास येताच तीन तासांत काढावा. तुमच्या मोहिमेचा नियम याहून सोपा ठेवा: विरोधकाच्या तोंडी कृत्रिम आवाज घालायचाच नाही, गंमत म्हणूनही नाही. गंमत कुठे संपली हे फॉरवर्ड झालेल्या क्लिपवर लिहिलेलं नसतं.

स्त्री उमेदवार रिंगणात असेल तर

ही बाब वेगळी लिहायला लागते याचंच वाईट वाटतं. आंतर-संसदीय संघाने (देशोदेशीच्या संसदांच्या जागतिक संघटनेने) 2016 साली 39 देशांतल्या 55 महिला खासदारांशी बोलून अहवाल काढला. त्यांतल्या 81.8 टक्के जणींनी मानसिक हिंसा अनुभवली होती, 44.4 टक्के जणींना मृत्यूच्या, बलात्काराच्या, मारहाणीच्या किंवा अपहरणाच्या धमक्या आल्या होत्या. नमुना छोटा आहे, पण राजकारणातल्या कुठल्याही बाईला विचारा, ती आकडा ऐकून चकित होणार नाही.

मोहिमेने करायच्या गोष्टी: समोरच्या स्त्री उमेदवाराचा उल्लेख तिच्या नावाने आणि पदाने करा, "अमक्याची सून" असा नाही. कपडे, आवाज, रात्रीचा प्रवास, हसणं यांतलं काहीही भाषणात येता कामा नये. तिला आलेल्या धमकीचा तुमच्या पक्षाने आधी निषेध करावा, तिने मागण्याची वाट न बघता. आणि आपल्या बाजूची स्त्री उमेदवार असेल तर तिची खाती तिने एकटीने सांभाळू नयेत. घाणेरड्या प्रतिक्रिया वाचून नोंदवण्याचं, तक्रार करण्याचं काम दुसऱ्या दोघांवर सोपवा, आळीपाळीने. हे वाचत राहण्याचा शीण मोठा असतो.

समोरून चिखल आला तर

आधी ठरवा: खोटं आहे, की नुसतं अपमानास्पद? नुसता अपमान असेल तर बहुतेक वेळा उत्तर देऊच नये. तुमच्या उत्तराने तो दुप्पट लोकांपर्यंत पोचतो. खोटं असेल आणि पसरत असेल, तर त्याच दिवशी, एकदाच, कागदासह उत्तर द्या. उत्तराची सुरुवात खऱ्या गोष्टीने करा: "माझ्या शपथपत्रात ही जमीन जाहीर केलेली आहे, पान अमुक." "मी जमीन लपवलेली नाही" असं म्हणालात की ऐकणाऱ्याच्या डोक्यात "जमीन लपवली" एवढंच उरतं.

तक्रार करायची तर पुरावा आधी जपा: स्क्रीनशॉट, दुवा, तारीख, वेळ. भारतात आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर छायाचित्र किंवा चित्रफितीसह तक्रार करता येते आणि तिचा निपटारा 100 मिनिटांत व्हावा अशी रचना आहे. निकालानंतर निवडणूक याचिकेसाठी 45 दिवसांची मुदत असते. पण रोज उठून तक्रारी करू नका. चार खऱ्या तक्रारी वजनदार ठरतात, चाळीस फुटकळ तक्रारी रडगाणं वाटतात.

मतदानाआधीचे शेवटचे 48 तास सर्वांत वाईट. भारतात तेव्हा जाहीर प्रचार बंद असतो, इतर अनेक देशांतही असं शांततेचं अंतर असतं, आणि अफवा नेमक्या तेव्हाच सुटतात, कारण उत्तर द्यायला व्यासपीठ नसतं. म्हणून संभाव्य अफवांची यादी आणि त्यांची कागदपत्रं आधीच तुमच्या कार्यकर्त्यांच्या हाती असू द्या.

या सगळ्यात एकच मोह आवरायचा: "त्यांनी सुरुवात केली." सुरुवात कुणी केली याचा हिशोब मतदार ठेवत नाही.

समोरच्या कार्यालयाचा एक फोन नंबर

हे फार थोड्या मोहिमा करतात, आणि खर्च शून्य. दोन्ही बाजूंनी एकेक समंजस माणूस नेमायचा, ज्याला रात्री अकरालाही फोन करता येईल. "तुमच्या मुलांनी आमचं पोस्टर फाडलं" हे माइकवर जाण्याआधी या फोनवर जावं. निम्म्याहून अधिक भांडणं तिथेच मिटावीत.

जमलं तर लेखी सामंजस्यही करा. नायजेरियात जानेवारी 2015 मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष गुडलक जोनाथन आणि त्यांचे प्रतिस्पर्धी मुहम्मदु बुहारी यांच्यासह उमेदवारांनी शांततेच्या करारावर सह्या केल्या. हिंसा पूर्ण थांबली नाही. पण मार्च अखेरीस अंतिम निकाल जाहीर होण्याआधीच जोनाथन यांनी बुहारी यांना फोन करून पराभव मान्य केला, आणि सत्तेतला राष्ट्राध्यक्ष त्या देशात पहिल्यांदाच मतपेटीतून बदलला. अमेरिकेतल्या युटा राज्यात 2020 मध्ये गव्हर्नरपदाचे दोन प्रमुख उमेदवार, स्पेन्सर कॉक्स आणि ख्रिस पीटरसन, एकाच जाहिरातीत शेजारीशेजारी उभे राहिले: मतभेद आहेत, निकाल कुणाचाही लागो, आम्ही तो मान्य करू. कॉक्स जिंकले. युटासारख्या एका पक्षाच्या बालेकिल्ल्यात हे सोपं होतं, असं कुणी म्हणेल. चुरशीच्या लढतीत हे अवघड हे मान्य. पण गरज तिथेच जास्त असते.

समोरासमोर चर्चा ठेवत असाल तर वेळ वाढवा. अमेरिकेत 1858 मध्ये सिनेटच्या जागेसाठी लढणाऱ्या लिंकन आणि डग्लस यांच्या सात चर्चांत पहिला वक्ता एक तास, दुसरा दीड तास आणि पुन्हा पहिला अर्धा तास बोलत असे. त्याही सोवळ्या नव्हत्या, डग्लस यांच्या तोंडी वर्णद्वेष भरपूर होता. पण दीड तास नुसत्या शिव्यांवर कुणाला उभं राहता येत नाही. तीस सेकंदांत मात्र शिवीशिवाय दुसरं काही मावत नाही. आजच्या चर्चांत माझी एक साधी सूचना: प्रत्येकाने उत्तर देण्याआधी समोरच्याचा मुद्दा त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगायचा. पहिल्या दहा मिनिटांतच कुणाचा अभ्यास आहे ते दिसतं.

निकालाच्या रात्रीची तयारी

दोन निवेदनं मतदानाच्या आधी लिहून ठेवा, एक जिंकल्याचं, एक हरल्याचं. रात्री दोन वाजता, झोप नसताना आणि भोवती संतापलेली माणसं असताना, सौजन्याचं वाक्य सुचत नाही. हरल्याच्या निवेदनात जिंकणाऱ्याचं नाव, अभिनंदन आणि आपल्या कार्यकर्त्यांना घरी जाण्याची विनंती, एवढं पुरे. मतमोजणीवर खरा आक्षेप असेल तर तोही ठेवा, पण कायद्याच्या मार्गाने आणि नेमक्या शब्दांत. डिसेंबर 2000 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय विरोधात गेल्यावर राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार अल गोर यांनी तो निर्णय पटत नाही आणि तरीही मान्य आहे, ही दोन्ही वाक्यं एकाच भाषणात म्हटली.

जिंकलात तर विरोधकाच्या घरासमोरून मिरवणूक नेऊ नका. मार्ग आधीच ठरवून पोलिसांना द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या खात्यांवरच्या पोस्ट एकेक करून तपासा. जी चुकीची ठरली ती गुपचूप पुसू नका, खाली दुरुस्ती लिहा. ग्रुप बंद करण्याआधी शेवटचा संदेश ॲडमिनने टाकावा, त्यात समोरच्या पक्षाच्या कार्यकर्त्यांबद्दल काही वाकडं लिहू नये, आणि मग ग्रुप खरोखर बंद करावा. रिकामटेकडे उरलेले ग्रुपच पुढच्या निवडणुकीपर्यंत विष साठवत बसतात.